सव्वा मूठ गहू आणि बीपीची गोळी

आमच्या घरात मोबाइलची रेंज स्वयंपाकघराच्या दारात थोडीशी येते, ओसरीवर तुटत तुटत चालते आणि अंगणातल्या निंबाखाली गेलं की पूर्ण मिळते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात रेंजचा दोष किती आणि माझ्या बावळटपणाचा किती, याची वाटणी मला अजून करता आलेली नाही.

माझं माहेर जळगावचं, मेहरूण तलावाजवळचं. सासर पारोळ्याजवळच्या एका खेड्यात. नोकरी धुळ्याला, एका वैद्यकीय महाविद्यालयात. नवरा चाळीसगावला कामाला, तो शनिवारी संध्याकाळी घरी येतो. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघं: मी, सासूबाई, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, आणि सासरे, म्हणजे आबा. लग्न होऊन आले तेव्हा मला अहिराणी ओ की ठो कळत नव्हती. आता मी अहिराणीत भांडू शकते. भाषा आल्याची खूण याहून वेगळी काय असते?

माझं काम काय, ते सांगायला मला नेहमी अवघड जातं. ब्लडप्रेशरची एक जुनी गोळी आहे, स्पायरोनोलॅक्टोन. पहिल्या आठवड्यात ते नाव घेताना माझी दोनदा जीभ चावली गेली. ही गोळी घेणाऱ्या बायकांच्या छातीत साध्या गाठी, म्हणजे कॅन्सरच्या नसलेल्या, जास्त होतात का, एवढाच आमच्या मॅडमचा प्रश्न. मॅडम सर्जन आहेत, कडक आहेत, आणि त्यांचं अक्षर त्यांच्याशिवाय फक्त मला लागतं. जुन्या केसपेपरांतून गाठीवाल्या बायकांचे नंबर काढायचे, त्यांना फोन करायचा, कोणती गोळी, कधीपासून, गाठ कधी लागली, दुखते का, हे विचारून फॉर्म भरायचा, हे माझं काम. बायका दिवसभर शेतात, म्हणून फोन संध्याकाळी, घरून.

आणि बायका काय एकेक! मी विचारायची, "बीपीची गोळी कोणती घेता?" उत्तर यायचं, "पांढरी." आता बीपीच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्याच. "नाव काय तिचं?" तर म्हणे, "नाव लिहिलंय, पण चष्मा सुनेकडे आहे आणि सून माहेरी." शिरपूरकडची एक बाई म्हणाली, "ताई, मला बीपी नवऱ्यामुळे आहे, त्याचाच फॉर्म भरा ना." मी हसून हसून बेजार.

फॉर्मच्या शेवटी एक वाक्य होतं. ते प्रत्येकीला सांगायलाच हवं, असा मॅडमचा दंडक होता: "हे सगळं विचारलं म्हणून घाबरू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या मनाने गोळी बंद करू नका." ते मी कधी म्हणजे कधीच चुकवलं नाही. फक्त व्हायचं असं, की फोन लागायचा स्वयंपाकघराच्या दारात. पहिले चार प्रश्न तिथे. मग आवाज चिरकायला लागायचा, मी ओसरीवरून चालत, आबांच्या खाटेसमोरून, अंगणात यायची. शेवटचं वाक्य निंबाखाली.

आबा संध्याकाळी ओसरीवर खाटेवर बसलेले असत. सुनेने सासऱ्यासमोर पदर सावरून, हळू आवाजात बोलावं, असं वळण असलेलं आमचं घर. आणि मी त्यांच्यासमोरून "छातीला गाठ एका बाजूला की दोन्ही?" असं मोठ्याने विचारत जातेय! पहिल्या पहिल्यांदा ते खाकरायचे. मग उठून गोठ्याकडे जायला लागले. मला वाटलं, म्हातारा चिडलाय. चिडो. मला पण राग येतोच की.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला तर त्यांचं वागणंच बदललं. एरवी उन्हाळ्यात आबा म्हणजे धोतर आणि खांद्यावर टॉवेल, बाकी उघडे. विहिरीच्या मोटारीखाली आंघोळ करून तेल चोळत अर्ध्या गावाशी गप्पा मारणारा माणूस. तो माणूस वैशाखात, कावळा तोंड उघडून बसतो अशा उन्हात, बंडी, वर सदरा, सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं, वर टॉवेल. आंघोळ न्हाणीत, दाराला कडी. अक्का म्हणाल्या, "म्हातारपणी लाज फुटली." मी म्हटलं, "माझ्या फोनमुळे असेल." आणि आम्ही दोघी खुदुखुदु हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

एकदा ते सरळच म्हणाले, "हाई काम सोडी दे." सोडून दे हे काम. मी तेव्हा पदर-बिदर विसरले. म्हटलं, "आबा, बायकांचं दुखणं बायकांनी विचारायचं नाही तर कुणी? लाज कसली त्यात?" ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मंग त्या बायास्नं पुढे काय व्हस?" त्या बायकांचं पुढे काय होतं, असं विचारत होते. मी घुश्शातच होते. "ते डॉक्टर बघतात," म्हणून आत निघून गेले. एवढा सरळ प्रश्न, आणि मी काय उत्तर दिलं बघा. चपलेने मारावंसं वाटतं स्वतःला.

आबांना बीपी जुनंच. संक्रांतीच्या आसपास पाय सुजायला लागले, छाती धपापायला लागली, म्हणून डॉक्टरांनी आधीच्या दोन गोळ्यांत तिसरी वाढवली. औषधं आणायचं काम नवऱ्याचं, द्यायचं अक्कांचं, आणि रिकामी पट्टी बघायचं माझं. घरात मीच काय ती वैद्यकीय महाविद्यालयातली! पट्टीवरचं नाव मी वाचलंसुद्धा नाही. पट्टी रिकामी दिसली की मी खूश. आषाढ संपता संपता त्यांचे पाय पुन्हा सुजले, ओसरीच्या तीन पायऱ्या चढताना दम लागायला लागला. मी म्हटलं, कपाशीत निंदणीला बायकांबरोबर दिवसभर उभे राहतात, दुसरं काय होणार.

मग आली कानबाई. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई मांडतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याला रोट लागतात, आणि रोटाचे गहू मोजून घेतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. पुरुष परगावी असला तरी त्याची मूठ पडते. माझा दीर सुरतला मिलमध्ये आहे, तीन वर्षं सणाला आलेला नाही, पण त्याची सव्वा मूठ कधी चुकली नाही. आम्हा बायकांची मूठ नसते. निवडायचं, दळायचं, भाजायचं आम्ही, मोजायचं त्यांना. यावरून मी दरवर्षी अक्कांना टोचते आणि अक्का दरवर्षी म्हणतात, "तुना तोंडनी मूठ टाकू का?"

शुक्रवारी मी सणाची रजा घेतली होती. दुपारी ओसरीवर सूप पुढे घेऊन अक्का बसल्या. एक मूठ आणि वर पाव, माझ्या नवऱ्याची. एक मूठ आणि वर पाव, दिराची. तिसरी मूठ भरली तेवढ्यात खाटेवरून आबा म्हणाले, "यंदा मना नावनी मूठ नको टाकू."

अक्का हसल्या. "काबरं? सुरतवालानी पडस आन तुमनी नही?"

आबा हसले नाहीत. म्हणाले, "मूठ माणूसनी ऱ्हास. मी आते माणूस ऱ्हायनू का नही, ते कानबाईलेच माहीत." आणि उठून घरात गेले. मूठ पुरुषाची असते, आणि मी आता पुरुष राहिलो की नाही कुणास ठाऊक, असं हा सहा फुटी, एका हाताने बैल आवरणारा माणूस म्हणाला होता. अक्कांची मूठ तशीच भरलेली राहिली. मग त्या गहू परत पोत्यात सोडून त्यांच्यामागे गेल्या.

पाऊण तासाने त्या स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा डोळे लाल. मला चुलीशी ओढून कानात म्हणाल्या, "दोन्ही बाजूले गाठ शे. दुखस बी. आखाजीपासून." आणि पदराखालून तंबाखूची डबी काढून माझ्या हातात दिली. डबीत गोळ्या. तिन्ही प्रकारच्या, पंधरा-वीस दिवसांच्या. औषध फेकू नये म्हणून जपून ठेवलेल्या, आणि मला दाखवायला पट्ट्या रिकाम्या.

मी तिथेच पिठाच्या डब्यावर बसले. गोळी कोणती, हे पट्टी शोधून वाचलं. तीच. माझी जीभ चावणारी. आमच्या अभ्यासाच्या कागदांचं पहिलं पान मी स्वतः टाइप केलंय, आणि त्यावर पहिल्याच परिच्छेदात आहे: या गोळीने काही पुरुषांची छाती सुजते, दुखते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे. आता बायकांचं काय, ते बघू. मी जिल्हाभर फोन करत होते, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, आणि केस माझ्या ओसरीवर सदऱ्याची बटणं लावून बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

आणि त्या माणसाने काय केलं होतं? माझे फोन ऐकून ऐकून गोळीचा आणि गाठीचा संबंध त्याने एकट्याने जुळवला होता. चौथी शिकलेला माणूस! मी पदवीधर, मला जुळला नाही. पण त्यांनी प्रश्न तेवढे ऐकले होते. गोळी कोणती, गाठ कधी, दुखते का. शेवटचं वाक्य त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं, कारण ते वाक्य मी रोज निंबाला सांगत होते. त्यांनी ठरवलं, गोळीनेच कॅन्सर झालाय, तर आता गोळी नको आणि डॉक्टरही नको, आणि सुनेपुढे तर हे काढायलाच नको. सुजलेले पाय, तो दम, सगळं त्या डबीतलं होतं. मी घाबरले. खरंच घाबरले. हृदयाचा माणूस, पंधरा दिवस गोळ्या नाहीत.

आता सुनेने सासऱ्याला हे विचारायचं कसं? मी विचार केला आणि सरळ पिशवीतून कोरा फॉर्म काढला. दाराच्या आत, उंबऱ्याला पाठ लावून बसले. आबा बाहेर खाटेवर, पाठ माझ्याकडे. मध्ये अक्का. मी माझा फोनवरचा, नोकरीचा आवाज लावला.

"त्रास कधीपासून?"

बाहेर खाट करकरली. मग आबा अक्कांना म्हणाले, "तिले सांग, आखाजीपासून."

अक्का मला म्हणाल्या, "आखाजीपासून." जसं काही मला ऐकूच आलं नव्हतं.

"एका बाजूला की दोन्ही?"

"तिले सांग, दोन्ही."

"दुखतं का?"

"तिले सांग, बंडी घासाई तरी दुखस." आणि मग जरा थांबून, "तिले इचार, किती दिवस शेत मना."

माझे किती दिवस उरलेत, असं विचारत होते. माझा नोकरीचा आवाज तिथे संपला. मी रडतच म्हटलं, "आबा, हा कॅन्सर दिसत नाही. ही गोळी असं करते, हे पुस्तकात लिहिलंय, माझ्या हाताने टाइप केलंय मी. उद्या मॅडमना दाखवू. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या मनाने गोळी बंद करू नका." ते वाक्य त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा बोललं गेलं. अंगणात जाऊन मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी आजच्या आज पारोळ्याला बीपी दाखवायला लावलं, तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांचं काय करायचं ते सांगितलं, आणि मग मॅडम मला जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं धुळ्याला. अक्कांनी गहू दळायला दिलेच नाहीत. चक्कीवाला कानबाईच्या दळणासाठी चक्की धुऊन बसला होता, त्याला निरोप धाडला: थांब, एक मूठ बाकी आहे.

मॅडमची ओपीडी म्हणजे बाकावर बायकाच बायका. त्यात आबा, पांढरी टोपी, गळ्यापर्यंत बटणं, भिंतीकडे तोंड करून उभे. बाकावरच्या एका म्हातारीने मला विचारलं, "ताई, हे कोणाबरोबर आलेत?" मी काय सांगू! तेवढ्यात आबाच, कुठून धीर आला देव जाणे, वळून म्हणाले, "मनीच गाठ शे."

गाठ माझीच आहे, असं सरळ सांगून टाकलं! मग ती म्हातारी सरकली. "बैस भाऊ, बैस. माले बी व्हती. तपासं, काही नही निंघनं." पलीकडची म्हणाली, माझी तर दोनदा तपासणी झाली. तिसरीने सोनोग्राफीत काय करतात ते हातवारे करून समजावलं, "थंडगार लेप लावतात भाऊ, गुदगुल्या होतात, हसू नको फक्त." पाचच मिनिटांत आबा त्या बाकाच्या मधोमध बसून एकीला कपाशीवरच्या बोंडअळीचं औषध सांगत होते. तीन महिने ज्या माणसाने घरात कुणाला तोंड उघडून सांगितलं नाही, त्याने सात अनोळखी बायकांना सगळं सांगितलं. बायकांच्या बाकाला ही ताकद आहे, हे मला नोकरीने शिकवलं नव्हतं, त्या दिवशी दिसलं.

मॅडमनी तपासलं, सोनोग्राफी केली, हृदयाच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. कॅन्सर नाही. गोळीने छातीतली ग्रंथी सुजली होती. ती गोळी बदलून दुसरी दिली, बाकीच्या दोन चालू, सूज हळूहळू उतरेल म्हणाल्या. आबांनी सगळं ऐकलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. मी आदल्या दिवशी भरलेला फॉर्म! कधी उचलला होता कोण जाणे.

"हाऊ बी लावी घ्या तुमना अभ्यासमा," ते म्हणाले. "मनामुळे कोनलं भलं व्हई तर व्हऊ द्या."

मॅडम हसल्या. "काका, हा अभ्यास फक्त बायकांचा आहे. तुमचा फॉर्म घेता येत नाही."

"काबरं?"

"अहो, तुम्ही पुरुष ना!"

आबा पुढे झुकले. मग कानामागे हात धरून म्हणाले, "काय म्हने?"

"तुम्ही पुरुष आहात, काका. नियमात बसत नाही."

दुसऱ्यांदा नीट ऐकू आल्यावर आबांनी फॉर्म माझ्याकडे दिला, टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. सदऱ्याची वरची दोन बटणं त्यांनी तिथेच, मॅडमच्या टेबलासमोर काढली. मला हसू आवरेना आणि रडूही. एसटीत खिडकीशी बसून त्यांनी अक्कांना ते चारदा सांगितलं: डाक्टरीणबाई म्हणाली, नियमातच बसत नही. चौथ्यांदा अक्का म्हणाल्या, "समजनं व माय, बठ्ठी एसटीले समजनं." सगळ्या एसटीला समजलं होतं, हे खरंच.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. नवरा चाळीसगावहून येऊन पोचला होता, चक्कीवाल्याचे दोन निरोप येऊन गेले होते. सूप ओसरीवर झाकून ठेवलेलं. अक्कांनी फडकं काढलं, पोत्याकडे हात नेला आणि थांबल्या. आबा खाली बसले. आपला मोठा, भेगाळलेला हात पोत्यात घातला, मूठ भरली, सुपात सोडली. मग वरची पाव मूठ, बोटांनी मोजून. अक्कांनी लगेच सूप उचललं, म्हणजे आम्हाला त्यांचा चेहरा दिसू नये.

रोट मी त्या वर्षी जरा जास्तच खाल्ले.

सोमवारी कानबाई नदीवर पोचवून आलो आणि संध्याकाळी मी पुन्हा फोन घेऊन बसले. दाराशी नंबर लावला. गोळी कोणती, पांढरी. गाठ कधी लागली. आवाज तुटायला लागला तशी मी सवयीने उठले, पदर सावरला, ओसरीवरून अंगणाकडे निघाले. खाटेवर आबा बसले होते, उघडे, खांद्यावर नुसता टॉवेल. त्यांनी पाय आडवा केला.

"बाहेर नको जाऊ," ते म्हणाले. "शेवटलं बी आठेच, ओसरीवर बोल. माले ऐकू दे."